मूकपटाला कसला आवाज?

३ तारीख, शुक्रवार

ही वही मुलीने आणून दिली. मला न विचारता तिने सतरा तारखेला माझ्यासाठी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर मी रोज वहीत लिहायचं, काय काय ऐकू आलं नाही ते. आता जे ऐकूच आलं नाही ते माणसाने लिहायचं कसं, हे मात्र तिने सांगितलं नाही. कोरी वही वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी यात कामाचं लिहिणार. कानाची एक ओळ शेवटी टाकीन, तिचं समाधान म्हणून.

मी सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर आहे. एकतीस वर्षं झाली. रिळं होती तेव्हा रिळं लावली, आता बटणं दाबतो. पण केबिन तीच, खिडकी तीच आणि खुर्चीही तीच. ऑपरेटरला डोळे लागतात आणि कान लागतात. कान गेले की खुर्ची गेली. गेल्या महिन्यात मॅनेजरसाहेबांनी स्वच्छच सांगितलं, "काका, आवाज फार मोठा असतो अशी आणखी एक तक्रार आली, तर तुम्हाला दारावर तिकिटं फाडायला बसवावं लागेल." दारावर! एकतीस वर्षांनी! अशा वेळी कानाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं. सतरा तारखेला मी कुठेही जाणार नाही, हे आजच लिहून ठेवतो.

तक्रारींचंही एक गूढ आहे. त्या फक्त मंगळवारी येतात. मंगळवारी आमच्या पॉपकॉर्नबाईंची सुट्टी असते. लोकांना खायला काही मिळत नाही, आणि रिकामं तोंड तक्रारी करतं, असं माझं मत आहे.

आज नवीन सिनेमा लागला. मूकपट! आजच्या काळात! एक म्हातारा सुतार शेजारच्या पोरीला लाकडाची शिट्टी करून देतो. ती वाजत नाही. तो पुन्हा तासतो, ती पुन्हा गाल फुगवून फुंकते. असं दोन तास. संवाद नाहीत, गाणी नाहीत, संगीतसुद्धा नाही. सोबत कंपनीचा कागद आला आहे, त्यावर ठळक अक्षरांत छापलंय, "आवाज सातवर ठेवावा." मी मनसोक्त हसलो. मूकपटाला कसला आवाज? प्रत्येक कागदावर तेच छापत असणार. आवाजाचं यंत्र मी सरळ बंद करून टाकलं. नऊ वर्षांत बिचारं एकदाही रजेवर गेलं नव्हतं.

शो सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच माना मागे वळल्या. तोंडाशी हात धरून लोक माझ्या खिडकीकडे बघत होते. एकाने मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर मारला. एक गृहस्थ तर जिना चढून केबिनच्या दारात आले.

मी म्हटलं, "अहो, मूकपट आहे."

"ते माहीत आहे हो," ते म्हणाले, "पण आवाज तरी द्या!"

कान: ठणठणीत.

४ तारीख, शनिवार

प्रेक्षक बघण्यात सिनेमापेक्षा जास्त मजा आहे. आज मधल्या रांगेत एक जण म्हाताऱ्या सुताराचे संवाद स्वतःच म्हणत होता. आजूबाजूचे लोक पोट धरून हसत होते आणि त्याची बायको ओढणीत तोंड लपवत होती. मग ती चिडली आणि पोरीचे संवाद म्हणू लागली. मध्यंतरापर्यंत दोघांचं खरंच भांडण लागलं असावं, कारण नंतर ते दोन टोकांना बसले होते.

पॉपकॉर्नबाईंचा धंदा बसला. शांत हॉलमध्ये कुरुमकुरुम करायला लोक लाजतात. एक जाडगेले काका एकेक दाणा तोंडात ठेवून औषधाच्या गोळीसारखा विरघळवत होते. बाई माझ्यावरच डोळे वटारतात, जसा काही सिनेमा मीच काढलाय.

या बाईंचंही काही कळत नाही. एरवी शो सुरू झाला की पाच मिनिटं पडद्यामागच्या खोलीत जातात. पोती ठेवायला, म्हणतात. दोन वर्षं ठेवताहेत. एवढी पोती असती तर एव्हाना थिएटरचं गोदाम झालं असतं. मूकपट लागल्यापासून मात्र एकदाही गेल्या नाहीत. बहुतेक तिथे पाच मिनिटं डुलकी काढत असाव्यात. मी चहाडी करणार नाही, पण माझं लक्ष आहे.

सिनेमा संपला तरी कुणी उठेना. दिवे लागल्यावर एकमेकांना विचारत होते, संपला का? मॅनेजरसाहेबांचं तोंड पडलंय. "दुसऱ्या गावांत लोक डोळे पुसत बाहेर येतात," ते म्हणाले, "आपल्याकडे डोकं खाजवत येतात." फरक पडला नाही तर सिनेमा उतरवणार.

कान: उत्तम.

६ तारीख, सोमवार

आज चमत्कार झाला, आणि तो मी केला.

सकाळी केबिनच्या खिडकीची काच पुसली. यंत्राचा उजेड या काचेतूनच पडद्यावर जातो. वर्षभराची धूळ होती. ओल्या कागदाने घासली, कोरड्याने पुसली, आरसा झाला. दुपारी कंपनीचा फोन आला म्हणून मॅनेजरसाहेब वर आले. आवाजाचं यंत्र बंद बघून त्यांनी कपाळावर हात मारला, ते सुरू केलं, आकडा सातवर लावला आणि बोट नाचवून म्हणाले, "काका, याला हात लावायचा नाही." मी वाद घातला नाही. कागदावर छापलेलं सगळं खरं मानणारी पिढी आहे.

तीनच्या शोला तेच दोन तास. शेवटी पोरगी रस्त्याच्या टोकाला उभी राहून नवव्यांदा शिट्टी फुंकते, म्हातारा वळून बघतो आणि सिनेमा संपतो. शनिवारी याच ठिकाणी लोक जांभया देत होते. आज सगळा हॉल एकदम दचकला! एका बाईने तोंडावर हात ठेवला. घोरणारा एक जण ताठ बसला. टकलू गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग पुन्हा डोळे. दिवे लागल्यावर लोक टाळ्या वाजवत होते.

काचेचा एवढा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं. पोरीच्या गालांवरचा ताण, डोळ्यांतलं पाणी, आता सगळं स्वच्छ दिसतं ना! मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कृतज्ञता शब्दांत मांडणं सगळ्यांना जमत नाही.

जाता जाता एक नोंद. शेवटच्या त्या दृश्यात आवाजाच्या यंत्रावरचा हिरवा दिवा टुणकन उडी मारतो. यंत्र जुनं झालंय, वायरमनला दाखवायला हवं.

कान: एकदम फर्स्ट क्लास.

७ तारीख, मंगळवार

आज मंगळवार, आणि एकही तक्रार नाही! दोन वर्षांत पहिल्यांदा. काच आजही पुसली.

९ तारीख, गुरुवार

हाउसफुल. शनिवारचे जाडगेले काका पुन्हा आले होते, सोबत चौघांना घेऊन, आणि शेवटचं दृश्य जवळ आलं तसे त्या चौघांना कोपराने ढोसत होते. लोक आपापल्या माणसाला दचकवायला घेऊन येतात. दचकणाऱ्याकडे बघून आणणाऱ्याला जास्त आनंद होतो.

आज मूकबधिर शाळेची मुलंही आली होती. हातांनी अशा गप्पा मारत होती की मला वरून बघायला बरं वाटलं. म्हाताऱ्याच्या फजितीवर सगळ्यांच्या आधी हीच हसायची. शेवटी हॉल दचकला, पण ही मुलं नाही. ती माना वळवून लोकांकडे बघू लागली, काय झालं म्हणून. मग त्यांच्या बाईंनी हातांनी काहीतरी सांगितलं, तेव्हा कुठे सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार आवडली. माझ्यासारखीच. उगाच कुणी दचकलं म्हणून दचकणारी नव्हेत.

१० तारीख, शुक्रवार

आज कामाचं काही नाही, घरचं लिहितो. हिचा स्वभाव अलीकडे फार तापट झालाय. "अहो, जेवायला या," हेसुद्धा भांडल्यासारखं म्हणते. लग्नानंतर पंचवीस-तीस वर्षं किती गोड बोलायची! वय झालं की माणसं चिडखोर होतात. मी सांभाळून घेतो.

नात सात वर्षांची आहे. मुलगी कामावरून येईपर्यंत शाळा सुटल्यावर ती आमच्याकडेच असते. पूर्वी दप्तर टाकलं की माझ्या मांडीवर बसून शाळेतलं सगळं सांगायची. आता आजीच्या मागे मागे स्वयंपाकघरात जाते आणि तिथे तासभर तोंड चालू असतं. माझ्याकडे येते ती कागद घेऊन. कुणी कुणाला ढकललं, बाई काय म्हणाल्या, सगळं चित्र काढून दाखवते. चित्रकलेचं वेडच लागलंय पोरीला. हात चांगला आहे. पण मांडीवर बसून बोलायची ते बरं होतं. खरं लिहायचं तर त्या बडबडीची फार आठवण येते.

कान: मुलीला सांगितलं, सतराचं रद्द कर. ती काहीतरी म्हणाली आणि ही मान खाली घालून आत गेली.

१२ तारीख, रविवार

आज ही आणि नात सिनेमाला आल्या. ही खाली बसली, नातीला मी वर केबिनमध्ये स्टुलावर बसवलं. केबिनमध्ये छोटा स्पीकर आहे, खिडकीतून पडदा दिसतो. राजेशाही व्यवस्था.

शेवटचं दृश्य झालं. हॉल दचकला. नात टाळ्या वाजवत माझ्याकडे वळली. "आजोबा, आठ वेळा नाही वाजली, मग आत्ताच कशी वाजली?"

"काय वाजलं?"

"शिट्टी!"

मी हसलो. "अगं वेडे, मूकपट आहे हा. मूकपटात शिट्टी कशी वाजेल?"

ती हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने तिकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने शिट्टी काढली, आणि शिट्टीतून बाहेर पडणाऱ्या तीन रेघा काढल्या. "वाजली," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकली. खाली आजीनेपण ऐकली असेल."

पुढच्या शोला ती हट्टाने थांबली. शेवटचं दृश्य आलं तेव्हा माझा कोपर धरून उभी राहिली. "वाजली की मी दाबते हं," म्हणाली. पोरीने पडद्यावर गाल फुगवले. कोपरावर तिची बोटं घट्ट दाबली गेली, त्याच क्षणी हिरव्या दिव्याने उडी मारली, आणि त्याच क्षणी खाली सगळा हॉल दचकला.

मला यंत्राची घरघर तेवढी ऐकू आली.

  घरी येताना नातीने रस्ताभर माझा कोपर सोडला नाही. काच पुसल्यामुळे झालं, असं मी चारचौघांना सांगत सुटलो होतो ते आठवून लाज वाटते. आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते. दारावर बसून तिकिटं फाडणाऱ्या माणसाला पडदा दिसत नाही.

कान:

१३ तारीख, सोमवार

सकाळी नऊला थिएटरात गेलो. हॉल रिकामा, दारं हवेसाठी उघडी. शेवटचं दृश्य लावलं. आकडा सात. काही नाही. पुन्हा लावलं, दहा. काही नाही. बारा. पंधराला वाटलं, फार लांबवर काहीतरी आहे. अठराला ऐकू आली.

बारीक, एकच सूर. शेवटी थरथरतो, पोरीचा दम संपत आलेला असतो ना, म्हणून. मी पुन्हा लावली. पुन्हा लावली. किती वेळा लावली कुणास ठाऊक. डोळ्यांना धार लागली होती. म्हातारा का वळतो ते मला आज कळलं. अकरा दिवस मी त्याला उगाच वळताना बघत होतो.

मागे वळलो तर केबिनच्या दारात मॅनेजरसाहेब, दोन्ही कानांत बोटं घालून. त्यांच्या मागे पॉपकॉर्नबाई, कानांवर पदर दाबून. खिडकीतून खाली बघितलं तर समोरच्या दुकानातला न्हावी हातात वस्तरा घेऊन हॉलमध्ये उभा, आणि त्याच्या शेजारी अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक.

यंत्र बंद केलं. वाटलं होतं, आता साहेब ओरडतील. पण बोलल्या त्या बाई.

"काका, पडद्यामागच्या खोलीत आवाजाची दुसरी खुंटी आहे. तुम्ही वर वाढवता, मी मागे जाऊन कमी करते. दोन वर्षं झाली. फक्त मंगळवारी मी नसते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. दोनदा. तुम्ही मला म्हणालात, हो हो, ठेवा तिथेच पोती."

ज्या बाईवर मी डुलकीचा आळ घेतला, ती दोन वर्षं माझी खुर्ची सांभाळत होती. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मग धीर करून म्हणालो, "साहेब, मला कमी ऐकू येतं." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. बहुधा फारच मोठ्याने म्हणालो, कारण खाली फेसवाल्या गिऱ्हाइकानेही मान डोलावली.

सतरा तारखेच्या डॉक्टरांचंही सांगून टाकलं. साहेबांनी केबिनमधल्या खुंटीवर चिकटपट्टी लावली, सातवर. "सतराला तपासून या, काका," ते अगदी जवळ येऊन म्हणाले. "मग बघू."

मग बघू म्हणजे काय, ते विचारायची हिंमत झाली नाही.

१७ तारीख, शुक्रवार

गेलो. एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर डबे लावले. आवाज आला की बटण दाबायचं. पहिल्या तीन वेळा डॉक्टरीणबाईंचा हात हलताना बघून बरोबर दाबलं. चौथ्यांदा त्यांनी खुर्चीच फिरवून पाठ केली. हुशार बाई.

निकाल असा की जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. शिट्टी, दारावरची घंटा, पाखरं, बायका आणि लहान मुलं. पुरुष मात्र बऱ्यापैकी ऐकू येतात. म्हणजे ज्यांच्या बोलण्यात फारसं काही नसतं, तेच नेमके शिल्लक राहिलेत. मुलीला हे सांगितलं तर ती हसता हसता रडायला लागली. चार वेळा वेळ घेऊन चार वेळा रद्द केली होती म्हणे तिने. तिने सांगितलेलं मला ऐकूच आलं नसावं, मला वाटत होतं ही पहिलीच.

कानाचं यंत्र बुधवारी मिळणार.

२२ तारीख, बुधवार

कानात यंत्र बसलं. रस्त्यावर उतरलो आणि वाटलं, जग तुटून पडतंय. चपला वाजतात. पिशव्या वाजतात. माझी स्वतःची बाही वाजते.

घरी येऊन बसलो. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, चहा घ्या!"

मी खुर्चीतून उडालो. "अगं, ओरडतेस कशाला?"

ती दारात आली. कप हातात तसाच.  मग म्हणाली, "चहा घ्या."

हिचा आवाज असा आहे हे मी विसरून गेलो होतो. हिला तापट म्हणून याच वहीत लिहिलंय मी. ते पान फाडणार होतो, पण राहू दे, मला वाचायला लागलं पाहिजे. मी म्हटलं, "चुकलं माझं." आणि मग विचारलं, "एवढ्या दिवसांत मला ऐकू येत नाही म्हणून काय काय पुटपुटलीस माझ्याबद्दल?"

"ते नका विचारू," ती हळूच म्हणाली. आणि ते मला नीट ऐकू आलं.

२३ तारीख, गुरुवार

मूकपटाचा शेवटचा दिवस. दुपारी साहेब केबिनमध्ये आले, खुंटीवरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली आणि म्हणाले, "लावा तुम्ही." दार बंद करून उभे राहिले. मी उद्यापासून लागणाऱ्या सिनेमाचा तुकडा लावला, डोळे मिटले, खुंटी शून्यापासून हळूहळू फिरवत नेली. बरं वाटलं तिथे थांबलो. डोळे उघडले तर सात. साहेबांनी नुसती मान हलवली आणि जिना उतरून गेले. खाली बाईंना त्यांनी सांगितलेलं मला वर ऐकू आलं, "पोती राहू द्या आता."

शाळा सुटल्यावर ही नातीला घेऊन आली. हॉल भरलेला. शांतता म्हणतात ती किती खोटी असते ते आज कळलं. दोनशे माणसं खोकत होती, खुर्च्या करकरत होत्या, आणि ते पॉपकॉर्न! जाडगेले काका तिसऱ्यांदा आले होते, त्यांची भीड आता पार चेपली होती. माणसं खातात की खडी फोडतात? एकतीस वर्षं लोक माझ्या सिनेमावर एवढा आवाज करत होते आणि वर तक्रार माझ्याच आवाजाची!

नात स्टुलावर बसून मला शाळेतलं सांगत होती. कागद आणलाच नव्हता. कुणीतरी कुणाचा डबा लपवला होता आणि ते प्रकरण बाईंपर्यंत गेलं होतं. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो, पडद्यावर सुतार तासत राहिला. मग तीच एकदम गप्प झाली आणि मागच्यासारखाच माझा कोपर धरून उभी राहिली.

पोरगी रस्त्याच्या टोकाला गेली. नवव्यांदा गाल फुगवले. नातीची बोटं कोपरावर तयार होती.

तिने दाबायच्या आत मीच तिचा हात दाबला.